पिवळं झाकण

५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचलो एकदाचे. तिघंही धडधाकट आहोत, तेव्हा कपाळावरच्या आठ्या आधी काढ आणि मग पुढचं वाच.

उकाडा म्हणजे काय ते इथे कळतं. सकाळी घातलेला सदरा दुपारी पिळायचा आणि संध्याकाळी तसाच ओला अंगावर चढवायचा. खोली बोटींच्या धक्क्यावरच आहे. खिडकीखाली पोती उतरवणाऱ्यांचा आरडाओरडा आणि भिंतीवर माझ्या तळहाताएवढी पाल. मास्तरने तिचं नाव हजेरीत घातलंय. शाळेला सुट्टी लागली तरी त्याची मास्तरकी सुटत नाही. बोटीवर चढताना त्याने उतारूंची रांग लावली, आणि भाषा येत नसताना लोकांनी त्याचं ऐकलंसुद्धा.

उद्यापासून पाठीवर पिशवी आणि पायाखाली वाट. नदीच्या काठाने रानातून वर वर जायचं. मधे एक धक्का लागतो आणि शेवटी वरचं गाव. दोन्हीकडे पोस्ट आहे. माझ्या नावाचं पत्र ते ठेवून घेतील, तेव्हा लिहीत राहा. फोनचं मात्र नाव काढू नकोस. तारा आहेत, पण त्या पाखरांनी बसण्यापुरत्याच.

लंबू सध्या डोक्यावर बसलाय. वजन, वजन आणि वजन! माझी पिशवी उपडी करून त्याने निम्मं सामान बाजूला काढलं. दात घासायच्या ब्रशांचे दांडेसुद्धा मोडले, ओझं कमी व्हावं म्हणून. मग तुझ्या साखर-मिठाच्या पुडीची बरणी त्याच्या हाती लागली. वरचं लेबल वाचून गडी खूश, की वा, कॉफी आणलीस! आपल्या घरात लेबल वाचायचं नसतं, झाकण बघायचं असतं, हे त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. पिवळं झाकण स्वयंपाकघराचं, लाल झाकण खालच्या पॉलिशच्या कारखान्याचं, आत काय ते घरातल्यांना ठाऊक. त्याचं म्हणणं, तुमचं घर नाही, वेड्यांचा बाजार आहे. काचेची बरणी इथेच टाक म्हणून हटून बसला होता. मी म्हटलं, ताईने पोट बिघडलं तर म्हणून स्वतः कुटून दिलंय, टाकायची तर आधी मला टाक. तेव्हा कुठे गप्प बसला.

बाबांना सांग, बूट अजून तोंड उघडत नाहीत. तुझ्या शिव्यांची पत्रं येऊ देत, त्यांच्यावाचून इथे करमत नाही.

तुझा,
भोपळ्या

१४ जून

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र हातात पडताच पहिली गोष्ट कर. ती बरणी उघडू नकोस. उघडली असशील तर कोणालाही त्यातलं देऊ नकोस, स्वतः जिभेला लावू नकोस. लंबूला आणि मास्तरला आत्ताच्या आत्ता सांग आणि मग पुढचं वाच.

त्यात माझी साखर-मिठाची पूड नाही. बाबांचं लाकडावरचे काळे डाग काढायचं ऑक्झॅलिक आहे. तुला लहानपणापासून माहीत आहे ते काय आहे. त्या डब्याला हात लावलास म्हणून मी तुझे कान उपटले होते.

झालं असं. खाली ओल आली म्हणून बाबांनी ती बरणी वर आणून खिडकीत ठेवली होती. तिचं लाल झाकण तडकलं होतं, म्हणून वर पडलेलं एक पिवळं लावलं. संध्याकाळी लाल रंग मारू म्हणाले आणि विसरले. माझी बरणी तिच्या शेजारीच. दोन्ही कॉफीच्या, दोन्हींत पांढरंशुभ्र. तुझ्या गाडीच्या घाईत मी एक उचलून तुझ्या पिशवीत घातली, आणि दुसरी बाबा खाली घेऊन गेले.

काल डॉक्टरांच्या जेवणाच्या टेबलाचं काम काढलं. गरम भांड्याचा काळा डाग होता. बाबांनी पाणी करून दोनदा ब्रश फिरवला, डाग हलेना. आज सकाळी बघतो तर टेबलावर मुंग्याच मुंग्या, पायापासून फळीपर्यंत रांग! बाबांनी बोट लावून चाटलं आणि होते तिथेच भुशात बसले. मला वाटलं त्यांना चक्कर आली. मग मीही चाटून पाहिलं. माझीच पूड होती, गोड, खारट आणि लिंबूसत्त्वाने आंबट. 

तार करायला गेले. तारबाबू म्हणतो, पावसाने तिकडची लाइन पडली आहे, तारसुद्धा पत्रासारखी बोटीनेच जाणार. म्हणून हेच पत्र दोनदा लिहून दोन्ही पोस्टांत पाठवते आहे. चुकून कोणी प्यायलं असेल तर उलटी करवू नका. दूध पाजा, दूध नसेल तर खडूची पूड पाण्यात कालवून द्या, आणि मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. कारखान्यात बाबांनी मला पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं.

लोभाचं नंतर बघू, आधी एका ओळीचं उत्तर धाड.

ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रानातल्या एका लाकडी चौकीत अडकलोय. पाऊस असा की बाहेर हात काढला तर हात दिसत नाही. छपराला तीन-चार ठिकाणी गळती. मास्तरने प्रत्येक धारेखाली एकेक पेला मांडलाय आणि कुठला आधी भरतो त्यावर आमची पैज चालू आहे.

लंबूची मात्र गंमत झाली. म्हणजे आता गंमत म्हणतोय, काल नव्हती. वजन नको म्हणून पाणी उकळायचं भांडं त्यानेच मागे टाकलेलं. परवा ओढ्याचं पाणी प्यायला आणि कालपासून त्याच्या चौकीबाहेर फेऱ्या चालल्यात. एवढा ताडमाड माणूस, पण गालफडं बसलीत आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय. मला जरा काळजीच वाटायला लागली होती. तेवढ्यात तुझी बरणी आठवली.

तोंड बघण्यासारखं झालंय त्याचं! टाकून दे म्हणणारा हाच. आता दर घटकेला विचारतो, झालं का ताईंचं औषध? लाकडं नेणाऱ्या नाववाल्याकडून एक जुनं पातेलं मागून घेतलं, पाणी उकळून आत्ताच उतरवलंय. गार झालं की मोठा चमचाभर तुझी पूड घालून त्याला पाजतो. घरी येऊन तो तुझ्या पाया पडणार आहे, तसं त्याने मास्तरसमोर कबूल केलंय.

नाववाला निघालाय, पत्र त्याच्याच हाती देतोय, म्हणून आवरतो. बाकी पुढच्या पत्रात. माया आहे तेवढीच असू दे, जास्त झाली तर लंबू वजनाची तक्रार करील.

तुझा,
भोपळ्या

२४ जून

रा. रा. मास्तर यांस,
स. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख दारातल्या दारातली. तरी पत्र तुमच्या नावाने लिहिते आहे, कारण दुसऱ्या कोणाच्या नावाने लिहायचा धीर होत नाही.

आज भावाचं पंधरा तारखेचं पत्र आलं. त्यात पाणी गार व्हायची वाट बघतोय असं लिहिलंय. माझं चौदा तारखेचं पत्र तेव्हा आमच्या गावच्या पोस्टातूनही निघालं नसेल. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, मला नाही. लंबू ते प्यायला का? त्याला देताना भावाने आधी स्वतः चव घेतली का? त्याला ती खोड आहे, पातेल्यात बोट घातल्याशिवाय राहत नाही. मी नऊ दिवस जेवले, झोपले, कारखान्यात गिऱ्हाइकांशी भाव केला, आणि तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलेलं!

लंबूची आई आज दुपारी आली होती. तुमचं काही कळलं का म्हणून. पत्र माझ्या मांडीखाली होतं. मी नाही म्हटलं. तिने मला धीर दिला, म्हणाली, पोरं तरणी आहेत, लिहायला विसरतात. तिच्या तोंडाकडे बघवेना. पाणी आणते म्हणून उठले आणि आतच उभी राहिले.

बाबा खाली जात नाहीत. डॉक्टरांचं टेबल तसंच पडलंय. दिवसभर घरातली झाकणं काढून ओळीने मांडतात आणि पुन्हा लावतात. मी रागावले तर ऐकून घेतात. कधी ऐकून घेणारे नव्हते ते, आता घेतात, आणि त्याने मला जास्त भीती वाटते.

मास्तर, जे असेल ते स्पष्ट लिहा. माझी काळजी घेऊन शब्द गाळू नका. तिघांपैकी कोण आहे, एवढंच आधी लिहा. उपकार जन्मभर स्मरेन.

भोपळ्याची ताई

२६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मधल्या धक्क्याच्या पोस्टात आहे. तुझं पत्र आत्ता हातात पडलं. आम्ही तिघंही जिवंत आहोत. लंबू समोर बसून केळं खातोय. हे आधी लिहिलं, आता श्वास घे.

त्या दिवशी ते पाणी त्याने प्यायलंच नाही. पातेलं दाराशी गार करत ठेवलं होतं, पोटात कळ आली तसा हा लंबोडका धावत सुटला आणि त्याच्याच ढांगेने पातेलं आडवं झालं. मी त्याला वाट्टेल ते बोललो. लाकडं भिजलेली, पुन्हा चूल पेटेना. रात्रीतून तो आपोआप सावरला. ते पाणी सांडलं म्हणून मी त्याच्याशी दिवसभर अबोला धरला होता, ताई!

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. बरणी माझ्याकडे नाही.

परवा नदीकाठी चार-पाच घरांची वस्ती लागली. एका घरात आम्हाला पावसातून आत घेतलं. घरात एक बाई आणि तिची वर्षाची पोर, नवरा बोटीवर कामाला. बाईने आमचे ओले कपडे स्वतःच्या चुलीवर वाळवले. पोरीला दोन दिवस जुलाब होत होते. मान टाकून पडली होती. मला एवढा आनंद झाला की आपल्याजवळ नेमकं औषध आहे! खुणा करून करून तिला समजावलं, पाणी उकळ, गार कर, एक चमचा घाल, पाज. पिवळं झाकण तिच्या हातात देताना मला केवढा अभिमान वाटला. निघताना ती दारात उभी राहून हात हलवत होती, आणि लंबू म्हणाला, चला, वजन कमी झालं.

वस्ती दोन दिवसांच्या वाटेवर मागे आहे. मधे नदी उतरून जावी लागते. येताना गुडघाभर होती, आज इथल्या पायऱ्या बुडाल्यात. पलीकडे नेणाऱ्या नावा बंद. पोलीसचौकीत जाऊन आलो. तिथला शिपाई खुणेने सांगतो, पाणी ओसरल्यावर माणूस पाठवू. मास्तरचं म्हणणं, आपण बुडून मेलो तर तिला कोण सांगणार? त्याचं बरोबर आहे. पण तिने आज पाणी उकळलं असेल तर? मी निघतोय. मला थांबून राहवत नाही, इथे वेड लागेल.

मी दोघांना थांबा म्हटलं. लंबू अजून अशक्त आहे. पण हे लिहीपर्यंत त्याने बूट चढवले आणि मास्तर दुकानातून दोर घेऊन आला.

बाबांना यातलं काही सांगू नकोस.

भोपळ्या

४ जुलै

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. तिघं जिवंत आहोत एवढं वाचलं आणि मी अंगणात जाऊन मोठ्याने रडले, शेजारीण धावत आली. मग धावत लंबूच्या आईकडे गेले आणि तो केळं खातोय म्हणून सांगितलं. तिला कळेना, एवढ्याशा गोष्टीला ही का रडते. मग घरी येऊन पुढचं वाचलं.

मला माझीच लाज वाटली रे. ती बरणी आमच्या पोरांनी उघडली नाही, यातच मला सगळं मिळालं होतं. त्या पोरीचं वाचल्यावरसुद्धा पहिला विचार आला तो नदीचा. तू अजून धड पोहायला शिकलेला नाहीस. जाऊ नकोस असं लिहायला हात शिवशिवतोय, पण लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, तू गेलास त्याला आठवडा होऊन गेला. आता तू एक तर पोचला आहेस किंवा नाहीस.

बाबांना सांगितलं. तू सांगू नकोस म्हणालास, पण घरात दोनच माणसं, कोणापासून लपवू? ऐकून म्हणाले, वर्षाच्या पोरीला एक चमचा म्हणजे फार झालं. एवढंच. मग उठून खाली गेले आणि डॉक्टरांचं टेबल घासायला बसले. हात चालू राहिले की माणूस चालू राहतो, म्हणून मीही दुसरा ब्रश घेतला.

वाचल्यापासून मला एकच दिसतंय. ती बाई पाणी गार व्हायची वाट बघत पोरीला थोपटते आहे.

उत्तराची वाट बघते. शिव्या राखून ठेवल्यात, घ्यायला ये.

ताई

५ जुलै

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र काल दवाखान्याच्या बोटीतून मिळालं. आपण शब्द गाळू नका म्हणालात, म्हणून क्रमाने लिहितो. आम्ही तिघंही आहोत. मुलगीही सुखरूप आहे.

नदी आम्ही दोर बांधून उतरलो. मध्यावर आपल्या भावाचा पाय सुटला. लंबूने त्याला सदऱ्याला धरून ओढलं, आणि त्या ओढाताणीत दोघांच्या पिशव्या वाहून गेल्या. पैसे आणि पासपोर्ट माझ्या कमरेला होते म्हणून वाचले. पलीकडे लागल्यावर दोघंही एकमेकांवर ओरडत होते. मी त्यांना ओरडू दिलं, त्यांना बरं वाटत होतं.

वस्तीत पोचलो तेव्हा मुलगी अंगणात शेजारणीच्या कडेवर होती आणि आई आत पडलेली. शेजारणीने खुणांनी सांगितलं ते असं. मुलीला मधे दोन दिवस बरं होतं, म्हणून बरणी तशीच राहिली. आदल्या दिवशी पुन्हा जुलाब सुरू झाले, तेव्हा बाईने पाणी उकळून पूड घातली. पण मुलीला द्यायच्या आधी स्वतः घोट घेतला. तोंड पोळल्यासारखं झालं. परदेशी औषध जहाल असेल असं वाटून तिने आणखी दोन घोट घेतले आणि ठरवलं, आज माझ्या पोटात काय होतं ते बघू, उद्या पोरीला देऊ. रात्री तिला उलट्या सुरू झाल्या. उरलेलं पाणी तसंच झाकून ठेवलेलं होतं. आपल्या भावाने ते ओतून दिलं आणि अंगणातच उकिडवा बसला.

आपण लिहिल्याप्रमाणे दूध दिलं. खडूही दिला, माझ्या खिशात एक तुकडा कायम असतो, सवय. मग झोळी करून शेजाऱ्यांबरोबर तिला नदीच्या त्याच काठावरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांना आम्ही पदार्थाचं नाव सांगितलं, ते आपल्या पत्रामुळे कळलं होतं. म्हणून लगेच योग्य इंजेक्शनं मिळाली. मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. काल लघवी सुरू झाली, डॉक्टरांच्या मते धोका टळत आला आहे.

आता माझ्या मनातली गोष्ट. त्या बाईची समजूत अशी की औषध जहाल असलं तरी चांगलंच होतं, ती मुलीसारखीच नदीच्या पाण्याने आजारी पडली, आणि आम्ही तिला वाचवायला पूर ओलांडून आलो. गावचे लोक आम्हाला फळं आणून देतात, म्हातारी माणसं हात धरतात. खरं काय ते फक्त डॉक्टरांना माहीत आहे, आणि ते म्हणतात, सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. तिचा नवरा दोन दिवसांत येतोय. मी आणि लंबू, आमचं मत असं की ती बरी होतेय, जाणूनबुजून काही केलेलं नाही, परका मुलूख आहे, तेव्हा गप्प राहावं आणि घरी जावं. आपला भाऊ ऐकत नाही. तो जेवतही नाही. आपण चार शब्द लिहिलेत तर ऐकेल. स्नेह राहावा, आणि माझ्याबद्दल मत वाईट होऊ देऊ नये.

आपला,
मास्तर

१४ जुलै

चि. भोपळ्यास,
अनेक आशीर्वाद.

मास्तरांचं पत्र वाचलं. ती बाई वाचली, पोर वाचली, तू वाचलास. मी तीनदा वाचून खात्री करून घेतली.

आता माझं ऐक. घरी ये. मला नेहमी तोंडावर खरं बोलणारी म्हणता ना तुम्ही सगळे? आज मी तुला सांगते, बोलू नकोस. तिचा नवरा काय करील कोण जाणे. तुला तुरुंगात टाकलं तर तिथे आम्ही कोणाचे पाय धरायचे? बरणी मी पिशवीत घातली, झाकण बाबांनी बदललं, तू फक्त नेलीस आणि दिलीस. तू एकट्याने का भोगायचं? इथून मी तिला पत्र लिहीन, हवं तर पुढे कधी तिच्या पाया पडायला येईन, पण तू आधी सुटून ये. एवढं एकच मागते.

बाबांना हे पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, खाली जागा सोड, मला लिहायचंय. सोडते आहे.

माझ्यावर माया असेल तर माझं ऐकशील.

ताई

सांग.
बाबा

१८ जुलै

ती. ताईस, ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र अजून नाही, पण वाट बघायला वेळ नव्हता. मी सांगितलं.

नवरा आला त्याच दिवशी. त्याने आल्या आल्या माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले, आणि ताई, मला ते सोसवेना. दवाखान्यातल्या नर्सबाईंना आपली भाषा थोडी येते. त्यांना म्हटलं, मी सांगतो तसं सांगा, मऊ करून सांगू नका. बरणी आमच्या घरची. त्यात विष होतं. चूक आमची. ते मी माझ्या हाताने तिच्या पोरीसाठी दिलं. नर्सबाई मधेच थांबल्या, मी म्हटलं, पुढे सांगा.

लंबू दाराबाहेर उभा होता, मला ओढून न्यायच्या तयारीत. नवऱ्याने हात सोडले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याने मला खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं, बस. त्या दिवसापासून फळं बंद. व्हरांड्यात बसलेली माणसं आम्ही आलो की उठून जायची. पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. मास्तरने स्वतःचं आणि लंबूचं परतीचं तिकीट आणलं, दोघं परवाच्या बोटीने निघतायत. मला डॉक्टरांनी विचारलं, तू का थांबतोस? मी म्हटलं, ती चालायला लागेपर्यंत थांबतो. पाणी भरतो, फरशी पुसतो, पडेल ते करतो. तिच्या खोलीत मात्र जात नव्हतो.

आज दुपारी नर्सबाई बोलवायला आल्या. बाईने बोलावलंय.  आत गेलो तर नवरा खिडकीकडे तोंड करून उभा, माझ्याकडे बघेना. ती उशीला टेकून बसलेली, अजून चेहऱ्यावर सूज आहे. तिने नर्सबाईंकडून विचारलं, तुझ्या घरी कोण कोण आहे? मी म्हटलं, वडील आणि बहीण. तिने विचारलं, त्यांना कळलं तेव्हा त्यांनी काय केलं? मी सांगितलं, बहिणीने त्याच दिवशी दोन पत्रं लिहिली, वडिलांचं माहीत नाही.  मग ती नवऱ्याला काहीतरी म्हणाली. तो नाही म्हणाला. तिने पुन्हा तेच म्हटलं, जरा जोराने.

नवऱ्याने पोर उचलली आणि माझ्याकडे न बघता माझ्या मांडीवर ठेवली. नर्सबाई म्हणाल्या, तिला झोपायचंय. इतके दिवस पोरीच्या धास्तीने तिला झोप लागलेली नाही. तोपर्यंत तू सांभाळ, असं म्हणते. आणि ती खरंच भिंतीकडे वळून झोपली, ताई. घोरायला लागली.

मी हललेलो नाही. संध्याकाळ होत आलीय. पोर माझा उजवा हात धरून झोपलीय, म्हणून हे डाव्या हाताने लिहितोय, वाचता येईल तेवढं वाचा. ती उठली की आवरतं घ्यावं लागेल, तेव्हा आत्ताच दोघांच्या पायांवर डोकं ठेवतो.

तुमचा,
भोपळ्या